पायाखालचे कीट : पन्हाळा ते पावनखिंड, तीन दिवस

पन्हाळ्याहून विशाळगडाकडे जाणारी वाट महाराष्ट्राला ठाऊक आहे ती 1660 सालच्या आषाढी पौर्णिमेच्या रात्रीमुळे. दरवर्षी जुलै महिन्यात हजारो लोक त्या आठवणीने ही वाट चालतात. मीही दोनदा भर पावसात चाललो आहे आणि दोन्ही वेळा चिखल, धुके आणि पुढच्या माणसाच्या टाचा यांपलीकडे मला फारसे काही दिसलेले नाही. या खेपेस मात्र आम्ही मुद्दाम डिसेंबर निवडला, कारण आम्हाला पाहायची होती ती वाटेच्या कडेची जमीन, आणि तीही कोरडी.

या खटाटोपाचे मूळ माझ्या नोकरीत आहे. कोल्हापुरातील एका फौंड्रीत मी 31 वर्षे भट्टीवर काढली. बाहेरून आलेले बीड, म्हणजे ओतीव लोखंड, आणि भंगार वितळवायचे, रसावर आलेली घाण, म्हणजे कीट, काढायचे आणि रस साच्यात ओतायचा, हाच माझा संसार होता. निवृत्तीनंतर इंग्रजी अमदानीतील गॅझेटिअर चाळताना वाचनात आले, की विशाळगड, पन्हाळा, भुदरगड आणि खुद्द कोल्हापूरच्या परिसरात लोहखनिज सापडते, पूर्वी येथे लोखंड गाळण्याचा बऱ्यापैकी धंदा होता, आणि मजुरी व सरपण महागल्यामुळे, तसेच विलायतेहून लोखंड स्वस्तात येऊ लागल्यामुळे तो बसला. ज्या गावाने आपल्या फौंड्र्यांचा डौल मिरवला, त्या गावच्या पश्चिमेच्या रानात आमच्या आधी कोणी तरी हाच उद्योग करीत होते, आणि 31 वर्षांत ही गोष्ट मला कोणीही सांगितली नव्हती.

बरोबर दोघे होते. एक म्हणजे साच्यासाठी नमुने बनवणारे आमचे जुने पॅटर्नमेकर, ज्यांना सारी फौंड्री ‘मिस्त्री’ म्हणूनच ओळखते. दुसरी माझी भाची. ती भूगोल शिकते आणि नकाशा हातात असल्याशिवाय घराबाहेर पडत नाही.

पहिला दिवस

मिस्त्रींच्या मेव्हण्याच्या टेम्पोतून आम्ही पहाटे निघालो. केर्लीच्या पुढे मिस्त्रींच्या नात्यातील एक गुऱ्हाळ लागते. तिथे चहा घेऊन निघायचे असा बेत होता, पण आधण उतरायच्या बेतात आले होते आणि ते टाकून जाणे आमच्यापैकी कोणालाच जमले नाही. काहिलीत रस खदखदत होता. चुलाणात वाळलेली चिपाडे सारणारा माणूस जाळाचा आवाज ऐकूनच चिपाडाचा पेंढा कमी-जास्त करीत होता. गुळव्याने रसात भेंडीचे चिकट पाणी आणि चुन्याची निवळी आधीच घातली होती. त्यामुळे रसातील घाण फेसाबरोबर वर येत होती आणि ती मळी झाऱ्याने काढून बाजूच्या पिंपात टाकली जात होती. शेवटी गुळव्याने पाकाचा थेंब गार पाण्यात सोडला, त्याची गोळी बोटांत दाबून पाहिली आणि मान हलवली. चौघांनी काहील उचलून वाफ्यात कलती केली.

मिस्त्री मला म्हणाले, “दादा, हे आपलंच काम की.” खरोखरच ते आमचेच काम होते. कुपोला भट्टीत आम्ही कोळसा आणि बिडाच्या थरांबरोबर चुनखडी टाकत असू. ती चुनखडी बिडाला चिकटलेल्या आणि राखेतील वाळूला धरून तिचे पातळ कीट करते आणि ते कीट रसावर तरंगते. रस उसाचा असो वा लोखंडाचा, घाण वर आणण्यासाठी चुना लागतोच, असा माझा समज त्या सकाळपर्यंत पक्का होता. दुसऱ्या दिवशी तो मोडला. ते पुढे येईलच.

गुळाची गोष्ट येथे अस्थानी वाटू नये. कोल्हापूरच्या फौंड्री उद्योगाला सुरुवातीची कामे मिळाली ती बऱ्याच अंशी शेतीच्या गरजेतून. उसाचे चरक, पाणी उपसण्याची इंजिने आणि त्यांचे सुटे भाग येथेच ओतले जाऊ लागले. शाहू महाराजांनी 1895 साली शाहूपुरी ही गुळाची पेठ वसवली, त्याच्या चार वर्षे आधी, 1891 मध्ये, मिरजेहून कोल्हापूरला रेल्वे आली होती. या रेल्वेने गूळ बाहेर नेला आणि बाहेरचे लोखंड व दगडी कोळसा आत आणला. माझ्या भट्टीचा जन्म त्या रुळांवर झाला आणि रानातल्या भट्टीच्या मरणाला तेच रूळ हातभार लावून गेले, असे मी टेम्पोत बसल्या बसल्या भाचीला ऐकवले. तिने वहीत टिपून घेतले, पण पुढे कंसात ‘मामांचे मत’ असे लिहिलेले मी पाहिले.

पन्हाळ्यावर आम्ही फार रेंगाळलो नाही. तीन दरवाजाच्या पायात शिसे ओतले आहे असे सांगतात, म्हणून मिस्त्री तिथे थोडा वेळ वाकून बसले. ओतकाम करणाऱ्याला ओतलेल्या धातूविषयी असणारी ही ओढ इतरांना विचित्र वाटते. एका सहलीच्या शिक्षकांनी तर त्यांना काही हरवले आहे का, असे विचारले. राजदिंडीने गड उतरून आम्ही तुरुकवाडीमार्गे म्हाळुंग्याकडे लागलो आणि चढ संपवून दुपारी मसाई पठारावर आलो.

पावसाळ्यात या पठारावर ‘सीतेची आसवे’ या फुलांचा निळा थर असतो आणि छायाचित्रे काढणाऱ्यांची झुंबड उडते. डिसेंबरात ते गवत करपून पिवळे पडलेले असते आणि त्यातून जांभ्याचा उघडा कातळ डोके काढतो. जांभा म्हणजे बेसॉल्टची कुजून उरलेली साय. लाखो वर्षांच्या पावसाने खालच्या खडकातील विरघळणारे सारे धुऊन नेले आणि लोह व ॲल्युमिनियम मागे ठेवले. जिथे ॲल्युमिनियमचा अंश जास्त साचला तिथे बॉक्साइट झाले, ज्याच्या खाणी राधानगरी तालुक्यात दुर्गमानवाडला आहेत. जिथे लोह साचले तिथला दगड हातात घेतल्याबरोबर जड लागतो आणि फोडला तर आत गडद तांबडा, कुठे कुठे चक्क काळसर निळा निघतो. भाचीने एका कडेला पावसाने उघडी पडलेली अशी एक पट्टी दाखवली. तिच्यातून सुपारीएवढे गोल खडे सुटून खाली ओघळले होते. भट्टीत घालायला याहून सोयीचा माल कोणता? फोडायची मेहनत निसर्गानेच अर्धी करून ठेवलेली.

पठारावर माणसाच्या हाताची एक खूण मात्र सर्वांना दिसते, ती म्हणजे चिऱ्याच्या जुन्या खाणी. जांभा जमिनीत असेतो मऊ असतो, कुऱ्हाडीसारख्या हत्याराने त्याचे चिरे कापता येतात आणि वारा लागला की तो घट्ट होत जातो. एका खड्ड्याच्या भिंतीवर हत्याराचे तिरपे घाव इतके स्पष्ट राहिले होते की कापणारा उजवा होता हे मिस्त्रींनी लगेच सांगितले. अर्धवट कापलेला एक चिरा तिन्ही बाजूंनी सुटा आणि तळाशी चिकटलेला असा तसाच पडून होता. तो का सोडला असावा, यावर आमची पाऊण तास चर्चा झाली आणि त्यामुळे मुक्कामाला पोचायला अंधार पडला.

मुक्काम कुंभारवाडीच्या पुढे एका घरी होता. पिठले, भाकरी, लाल मिरचीचा ठेचा. वाडीचे नाव कुंभारवाडी असले तरी आमच्या वाटेत ना चाक दिसले ना आवा, आणि ज्या घरी राहिलो तिथे पाण्याला प्लास्टिकची घागर होती. नावे माणसांपेक्षा चिवट असतात. या भागात फिरताना वाड्यांची नावे कान देऊन ऐकावीत असे मी म्हणेन. एखादी लोणारवाडी कोळसा व चुना भाजणाऱ्यांची आठवण ठेवून असते, तर धावडवाडी म्हटले की तिथे लोखंड गाळणारे धावड नांदले असावेत, असा विचार मनात यायला हरकत नाही.

दुसरा दिवस

सकाळी खोतवाडी आणि मांडलाईवाडी मागे टाकली आणि करपेवाडीच्या पुढे रान दाट होत गेले. येथवर वाटेत शेते, गवताच्या गंजी, माणसे भेटत होती. आता अंजनी, जांभूळ, हिरडा, ऐन आणि खाली कारवी, एवढीच सोबत उरली. जुलैत येणाऱ्यांनी मागे ठेवलेल्या पाण्याच्या बाटल्या आणि खाऊची वेष्टने मात्र झुडपांच्या बुडख्यात अजून अडकलेली होती. इतिहासाला वंदन करायला यायचे आणि जाताना त्याच्या अंगणात कचरा टाकायचा, हे गणित मला कधी सुटलेले नाही. भाचीने एक पोते भरले. दुसरे भरायला घेतले तेव्हा मिस्त्रींनी ते बळेच स्वतःच्या पाठीवर घेतले.

या रानात भाचीने मला झाडांकडे पाहायला शिकवले. अंजनीचे झाड बुंध्याशी पाहिले तर एका ठोंबातून चार, पाच, कधी सात खोडे वर गेलेली दिसतात. बियांतून उगवलेले झाड सहसा एका खोडाने वाढते. तोडलेल्या झाडाचा ठोंब मात्र सगळीकडून फुटतो. अशी झाडे एकटी-दुकटी नव्हती. एका उताराला जवळजवळ सगळीच तशी होती. म्हणजे तो उतार केव्हा तरी सरसकट तुटला, पुन्हा फुटला, आणि कदाचित पुन्हा तुटला. अंजनीचे लाकूड कठीण आणि भारी असते, त्याचा कोळसा टिकाऊ पडतो. आपण ज्याला अस्पर्श अरण्य समजून हळू आवाजात बोलत चाललो होतो ते वास्तविक कोणाचे तरी सरपणाचे शेत होते, हे कळल्यावर मला काही काळ बोलावेसेच वाटेना.

त्याच उतारावर पुढे एक सपाट गोल जागा लागली. व्यास आठ-दहा पावले असेल. उताराची बाजू खणून आणि पुढची भरून ती सपाट केली होती. मिस्त्रींनी पायाने पाचोळा बाजूला केला, काठीने दोन बोटे माती उकरली आणि खालची माती काजळासारखी काळी निघाली. तिच्यात नखाएवढे कोळशाचे तुकडे होते. लोणारी लोक कोळसा करीत ते असेच. लाकडाचे ओंडके उभे रचायचे, वरून पाला आणि मातीचा लेप द्यायचा, मध्ये विस्तव सोडायचा आणि हवा जेमतेम लागेल अशा बेताने कित्येक दिवस तो ढीग धुमसत ठेवायचा. लेप फुटला आणि हवा आत गेली की सारे जळून राख, म्हणून रात्रंदिवस राखण. चांगला साधला तरी लाकडाच्या वजनाच्या चौथ्या-पाचव्या हिश्श्याएवढाच कोळसा हाती लागतो. कोल्हापुरात गुजरीतल्या सोनारांच्या शेगडीला आणि इस्त्रीवाल्यांना लागणारा कोळसा असाच रानातून उतरत असे, त्यामुळे हा खळगा धावडांचाच असे ठामपणे म्हणता येणार नाही. पण भट्टी जवळ असेल तर ती खालच्या अंगाला, पाण्याच्या कडेला असेल, असे माझे मन सांगत होते.

पाण्याकडे जायच्या नादात आम्ही वाट चुकलो. दगडांवर रंगवलेले बाण सोडून गुरांच्या पायवाटेने उतरलो आणि तासभर कारवीत अडकून पडलो. यातच मिस्त्रींच्या बुटाचा तळ संपूर्ण सुटला. बूट नवे होते आणि दुकानदाराने ते खास डोंगरासाठी असल्याची ग्वाही दिली होती. मिस्त्रींनी सुतळीने तळ बांधला, दुकानदाराच्या सात पिढ्यांचा उद्धार केला आणि चालू लागले. या चुकीबद्दल मी त्या बुटाचा आणि त्या गुरांचा ऋणी आहे, कारण सुतळी बांधायला मिस्त्री ज्या ओढ्याच्या काठी बसले, तिथेच ते सापडले.

मला प्रथम वाटले जळका जांभा आहे. मूठभर आकाराचा, काळा, वरून चकचकीत, आणि एका अंगाला गुळाचा पाक थिजावा तशा वळकट्या पडलेला. उचलला आणि वजनावरूनच कळले. 31 वर्षे मी रोज जे काढून टाकत आलो तेच हे होते. ओढ्याच्या पात्रात असे तुकडे इतस्ततः विखुरले होते आणि काठाच्या दरडीत, मुळांच्या जाळ्यात, त्यांचा हातभर जाड थरच दिसत होता. पावसाने दरड खचते तसे ते दर वर्षी थोडे थोडे ओढ्यात येत असणार. थराच्या बुडाशी भाचीला भाजलेल्या मातीच्या नळीचा एक तुकडा मिळाला, बोट जाईल एवढ्या छिद्राचा. त्याचे एक टोक वितळून काचेसारखे झाले होते. भात्याचा वारा ज्या नळीतून भट्टीत शिरे, तिचे हे तोंड.

येथे थोडे भट्टीविषयी सांगावे लागेल, कारण या तुकड्यात जे वाचता येते ते आधुनिक भट्टी डोळ्यांपुढे ठेवून वाचले तर चुकते. शुद्ध लोखंड वितळायला 1538 अंश सेल्सिअस तापमान लागते. लाकडी कोळसा आणि कातडी भाता यांच्या जोरावर एवढी धग टिकवता येत नाही. ती साधारण 1200 अंशांच्या आसपास राहते. म्हणून देशी भट्टीत लोखंड कधी रस होऊन वाहतच नाही. मातीच्या ठेंगण्या, पोकळ खांबासारख्या भट्टीत कोळसा आणि खनिज आलटून पालटून टाकत राहायचे. कोळशाचा धूर खनिजातील प्राणवायू ओढून घेतो आणि मागे उरलेले लोखंड घट्टच अवस्थेत, स्पंजासारखे, तळाशी गोळा होते. वितळते ते फक्त कीट. ते खालच्या भोकातून वाहू द्यायचे आणि शेवटी भट्टी फोडून लोखंडाचा लालबुंद गड्डा चिमट्यांनी बाहेर ओढून घणाने ठोकायचा, म्हणजे त्याच्या पोटात राहिलेले कीट पिळून निघते. आमचे बीड वितळते याचे कारण त्यात तीन-चार टक्के कर्ब मिसळलेला असतो आणि त्यामुळे ते 1200 अंशांच्या आतच पातळ होते. म्हणून बीड साच्यात ओतता येते पण घणाखाली फुटते. धावडांचे लोखंड ओतता येत नाही, पण त्याचा फाळ, विळा, खिळा, घोड्याचा नाल असे हवे ते घडवता येते.

मिस्त्रींनी तो तुकडा हातात तोलला आणि म्हणाले, “केवढं लोखंड वाया घालवलंय यांनी!” भाचीने आणलेले लहानसे चुंबक त्याला हलकेच चिकटत होते. मलाही आधी तसेच वाटले. कुपोलाचे कीट हलके असते, हिरवट काचेसारखे, कारण त्यात लोखंड राहू न देण्याची तजवीज आम्ही चुनखडी टाकून केलेली असते. धावडांकडे चुनखडी नव्हती. खनिजातील वाळू पातळ करून वाहवायची तर तिला काही तरी जोडीदार हवा. चुना नसेल तर लोखंडाचेच काही ऑक्साइड त्या वाळूशी संगत करते आणि त्याचे कीट होते. म्हणजे लोखंड मिळवण्यासाठी त्यांना लोखंडच मोजावे लागत होते. तो अडाणीपणा नव्हता, त्या रीतीत कीट पातळ होण्याचा तो मार्गच होता. चुन्याशिवाय घाण वेगळी होत नाही, ही माझी आदल्या सकाळची समजूत त्या ओढ्यात गळून पडली.

तो तुकडा घरी नेऊन खिडकीत ठेवावा असे मला फार वाटले. भाची म्हणाली, “मामा, जिथे आहे तिथे असेल तरच त्याला अर्थ आहे. उद्या कोणी अभ्यासाला आलं तर त्याला हा थर असाच मिळायला हवा.” मी थोडा वाद घातला, कारण दर वर्षी ओढा जे वाहून नेतो त्याचे काय, हा माझा मुद्दा अगदीच टाकाऊ नव्हता. पण तिने छायाचित्रे काढली, जागेची नोंद केली आणि माझ्यासमोर नळीचा तुकडा पुन्हा मातीत बसवला. मग माझाही हात रिकामा झाला. जागेचे नेमके नाव मी येथे मुद्दाम देत नाही.

संध्याकाळी आंबेवाडीच्या पुढे एका धनगरवाड्यावर थांबलो. हे डोंगरातले डंगे धनगर. यांच्याकडे मेंढ्यांपेक्षा म्हशींचे धन. शेकोटीशी बसलेल्या म्हाताऱ्या आबांना मी छायाचित्र दाखवले, तर त्यांनी क्षणभरही विचार केला नाही.

“त्ये व्हय? धावडांचं कीट हाय त्ये. आमचा आज्जा सांगायचा, वरल्या अंगाला भट्ट्या हुत्या म्हणून. म्या काय बघितल्या न्हाईत.”

“मग इथे कोणी ते गोळा करतं का, आबा?”

“आता कोन करतंय! पयले एक वैद्य यायचा. जुनं बघून घिऊन जायचा, पोत्यात.”

वैद्याचे ऐकून मिस्त्री हसले, पण त्यात हसण्यासारखे काही नव्हते. आयुर्वेदात लोखंडाच्या कीटाला मंडूर म्हणतात आणि त्याचे भस्म पांडुरोगावर देतात. शंभर वर्षांहून जुने कीट उत्तम, ऐंशीचे मध्यम आणि साठ वर्षांचे कनिष्ठ, अशी त्याची प्रत ग्रंथांत सांगितलेली आहे. म्हणजे भट्टी विझल्यावरही तिच्या घाणीला गिऱ्हाईक होते, आणि जितके दिवस जातील तितका तिचा भाव वाढत होता. आमच्या फौंड्रीच्या कीटाला असा मान कोणी देणार नाही. ते रस्त्याच्या भरावात जाते.

मिस्त्रींना रात्री झोपेतून उठवून एक प्रश्न पडला. बाजीप्रभूंच्या तलवारीचे लोखंड याच ओढ्याकाठचे असेल का? उत्तर ‘असेल’ असे दिले असते तर त्यांना बरे वाटले असते. पण त्या काळी मराठ्यांच्या हातात युरोपातून आलेली पाती पुष्कळ होती, त्यांना फिरंग म्हणूनच ओळखत, आणि चांगल्या पात्याला पोलाद लागते, जे कमावणे निराळे कसब आहे. रानातल्या या लोखंडाचे नशीब बहुधा नांगराच्या फाळात आणि बैलगाडीच्या धावेत होते. मला ते कमी मोलाचे वाटत नाही. मिस्त्री “बरं बरं” म्हणून कुशीवर वळले, पण त्यांचे समाधान झालेले नव्हते.

तिसरा दिवस

सकाळी निघताना पाहिले तर आबांच्या सुनेने अंगणात हिरडा वाळत घातला होता. एका बाजूला पिकून गळलेला मोठा हिरडा, तर सुपात थोडा काळा, सुरकुतलेला बाळहिरडा. रानातील हा एक धंदा मात्र अजून मेलेला नाही. बाळहिरडा औषधाला जातो. मोठ्या हिरड्यात कातडे कमावणारा तुरट अंश भरपूर असतो. बाभळीची साल आणि हिरडा यांच्या पाण्यात मुरलेल्या कातड्यातूनच कोल्हापुरी चप्पल बनत आली आहे. 2019 साली त्या चपलेला भौगोलिक मानांकन मिळाले तेव्हा पेपरांत पायताणाची छायाचित्रे झळकली, कारागिरांचीही झळकली. पहाटे डोंगर चढून फळे वेचणारी ही बाई कुठे दिसल्याचे मला आठवत नाही. भाव काय मिळतो, असे विचारले तर ती म्हणाली, “येपारी म्हनंल त्यो.” एवढ्यावर तो विषय संपला.

रिंगेवाडी, माळेवाडी आणि पाटेवाडी हा टप्पा पायांनी लवकर कापला. वाटेत गव्याचे ताजे खूर दिसले, त्यामुळे मिस्त्रींच्या सुतळी बांधलेल्या बुटालाही वेग आला. आणखी एक काळा खळगा लागला आणि त्याच्या मधोमध मांडीएवढ्या जाडीचे जांभळीचे झाड उभे होते. भाचीने सुतळीने त्याचा घेर मोजला. कोळसा शेवटचा भाजला गेल्यानंतर ते रुजले असणार, त्यामुळे खळगा किमान त्या झाडाएवढा तरी जुना आहे, इतके आम्ही वहीत लिहिले.

दुपारी पांढरेपाण्याला डांबरी रस्त्यावर आलो आणि तीन दिवसांत प्रथमच मोटारीचा आवाज ऐकला. तेथून पावनखिंड जवळ. पूर्वीची घोडखिंड ती हीच. लोखंडी शिडीने आम्ही घळीत उतरलो. कासारी नदीचा उगम या परिसरातला. डिसेंबरातला तिचा प्रवाह इतका बारीक, की ओलांडताना पाऊलही भिजले नाही. हेच पाणी पुढे कोल्हापूरजवळ भोगावतीला मिळून पंचगंगा होते. खिंडीत आलेले इतर लोक कड्यांकडे पाहत होते, हात जोडत होते, आम्हीही जोडले. मग मिस्त्री आणि मी सवयीने खाली वाकून पात्रातील दगड पाहू लागलो. काळे, गोटे झालेले बरेच दगड होते. सगळे बेसॉल्ट निघाले. चुंबक एकालाही लागले नाही.

संध्याकाळच्या एसटीने मलकापूरमार्गे परतताना मिस्त्री खिडकीला डोके टेकून झोपले. त्यांचा बूट मांडीवर होता. दोन दिवसांनी भाची फौंड्रीत आली. मी तिला आवारातल्या ढिगातून आमच्या कीटाचा एक तुकडा उचलून दिला, हिरवट, हलका, चुंबकाला दाद न देणारा. तिने तो कागदी पिशवीत घालून वर आजची तारीख आणि फौंड्रीचा पत्ता लिहिला. ओढ्यातल्या तुकड्याच्या छायाचित्रामागे तिने जागा लिहिली, उंची लिहिली, आणि सालाचा रकाना तसाच कोरा ठेवला.